नारळावरचा हात

२ फेब्रुवारी
गंगारामकाकांच्या घराला कंपनीचं कुलूप. विकलं.

गेल्याच महिन्यात वाडीतल्या पाचही घरांनी देवळात नारळावर हात ठेवला होता – मुंबईच्या कंपनीला एकही घर द्यायचं नाही. पलीकडच्या वाडीत तिने ओळीने घरं घेतली, सगळी पांढरी रंगवली, आता भाड्याने देते. देवाला गाऱ्हाणं दादाने घातलं. त्यासाठी ठाण्याहून आला. आवाज खणखणीत. त्याच्या हातावर माझा हात होता.

५ फेब्रुवारी
शेजारच्या मालननेही विकलं. शिमगा झाला की मुलीकडे जाणार, रत्नागिरीत. गडग्यापलीकडे कोंबड्यांना दाणे टाकत होती. विचारलं, "तूसुद्धा? नारळावर हात ठेवून?"

"ताई, आदी दादांना इचारा. मग मला बोला."

दादाचा काय संबंध? स्वतःचं झाकायला दुसऱ्याचं नाव.

६ फेब्रुवारी
मालनने खाडीतल्या तिसऱ्यांचं कालवण पाठवलं. झाकण न काढता परत केलं.

१४ फेब्रुवारी
दादाला फोनवर सगळं सांगितलं. मालनचंही. "माणसं बदलतात गं," म्हणाला. बरं वाटलं.

घर त्याच्या नावावर आहे. आबा गेल्यावर मी हक्कसोडीवर सही केली. इथल्या बहिणी करतातच – घर भावाला लिहून द्यायचं आणि माहेर आपलं म्हणायचं. मी तर लग्नही केलं नाही, इथेच राहिले. सही करताना पेनाचं टोपण दादानेच काढून दिलं होतं.

९ मार्च
शिमग्याची पालखी घरी आली. पाटावर बसली. मी ओटी भरली. मानकरी सदू नारळ घेऊन गाऱ्हाण्याला उभा राहिला, आणि थांबला. घरधन्याचं नाव घ्यावं लागतं. ढोलही थांबला.

"ताई, नाव कुणाचं घेऊ?"

"दादाचं. दरवर्षी घेतोस ना?"

सदूने मालनकडे पाहिलं.

"पयलं घर तुमचंच गेलं, ताई," मालन म्हणाली. "देवळातल्या नारळाच्या आदी. कंपनीच्या माणसानंच मागनं सांगितलं. मग आमी कुणासाठी थांबायचं? तुमाला सांगायला कुणाची जीभ उचलली नाय."

सदूने शेवटी कुणाचंच नाव घेतलं नाही. "ह्या घरात ऱ्हाते त्या लेकीला सांभाळ," एवढंच म्हणाला. सगळे "व्हय म्हाराजा" म्हणाले. मालनचा आवाज वेगळा ऐकू आला.

१० मार्च
दादा, फोनवर – "तुला कुणी उठवणार नाही, राही. भाड्याने राहशील. तशी अटच घातलीय मी."

"मग नारळावर हात का ठेवलास?"

"चारचौघांत नाही कसं म्हणणार?"

११ मार्च
मालनकडे जेवले. कालवण मागून घेतलं.

२ एप्रिल
कंपनीच्या करारावर सही. अकरा महिने. या वेळी टोपण मीच काढलं.

२० एप्रिल
दादाचा फोन. आंब्यांना येतोय, मुलांना घेऊन, आठवडाभर. कंपनी म्हणाली, भाडेकरूला विचारा.

म्हटलं, "मालनचं घर रिकामं आहे, दादा. भाड्याने मिळतं."