ब्रेमर्टनहून सुटणारी पहिली बोट

शहेलिस,
९ सप्टेंबर

मारित एलिस टोलेफ्सन हिस,
सप्रेम नमस्कार.

पूर्ण नावाने संबोधल्याबद्दल तू हसली असतीस. विवाहाच्या दिवशी न्यायाधीशांनी ते सलग उच्चारले, त्यानंतर मी ते क्वचितच संपूर्ण घेतले. मार्च महिन्यात रुग्णालयाच्या कागदांवर मात्र पुन्हा पुन्हा लिहावे लागले. ते केवळ तिथेच राहू नये, म्हणून हा प्रपंच. या पत्राला पत्ता नाही, याची मला पुरेपूर जाणीव आहे.

इकडे सर्व कुशल. आपली सॉल्वेग दर रविवारी स्पोकेनहून फोन करते आणि मी काय जेवलो याची उलटतपासणी घेते. खालच्या मजल्यावर घरमालकीण वेल्माबाई ठणठणीत आहेत. ऐंशी ओलांडूनही त्यांच्या जिभेची धार बोथट झालेली नाही. अंगणातल्या झाडाला यंदा सफरचंदे उदंड लागली. तुझ्या अनुपस्थितीत त्यांचे काय करावे हे न सुचल्याने ती हरणांनी खाल्ली.

बातमी अशी की कॉलेजने सर्वेक्षणाचा विभाग बंद केला, आणि मला सिअ‍ॅटलमध्ये बंदराच्या कचेरीत नकाशे तपासण्याचे काम मिळाले आहे. ऑक्टोबरच्या आरंभी रुजू व्हावयाचे. काम आवडीचे आहे. प्रश्न राहण्याचा आहे.

माझा विचार पक्का आहे. हे घर सोडू नये. पहाटे निघावे, महामार्गाने थेट सिअ‍ॅटल गाठावे, सायंकाळी परत यावे. अंतर मोठे आहे, परंतु गाडी उत्तम स्थितीत आहे. कचेरीजवळ एक खोली पाहिली. दलाल मोठ्या अभिमानाने म्हणाला, "साहेब, इथून ऑफिस म्हणजे बूट घालायला लागतो त्याहून कमी वेळ!" खिडकीसमोर विटांची भिंत होती. तिसरा पर्याय खाडीपलीकडच्या ब्रेमर्टनचा. तिथून बोटीने तासाभरात शहरात जाता येते, आणि भाडे आवाक्यातले आहे. परंतु धुके, वारा, बोट चुकणे, हे सर्व पाहता मी तो विचारार्ह मानला नाही.

वेल्माबाईंना घर ठेवणार की सोडणार हे वीस तारखेपर्यंत कळवावयाचे आहे. ठेवणार, असेच कळवीन.

सॉल्वेगचे म्हणणे निराळे. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही रस्ता मोजला कधी?"

"मागच्या रविवारी. अत्यंत सुरळीत."

"रविवारी सगळेच रस्ते सज्जन असतात! मंगळवारी सकाळी जाऊन बघा. आणि बोटीनेही एकदा जा. नुसतं नकाशावर बोट फिरवून कोणी राहायची जागा ठरवतं का?"

सर्वेक्षण शिकवणाऱ्या माणसाला हे ऐकावे लागावे! तरीही मुद्दा शास्त्रशुद्ध असल्याने मी तो मान्य केला.

तुझा,
हालवर न्यूगार्ड


शहेलिस,
१९ सप्टेंबर

मारित,
सप्रेम नमस्कार.

मंगळवारी टकोमाच्या अलीकडेच गाड्यांचा पूर थबकला. शेजारच्या गाडीतील एक गृहस्थ आरशात पाहून शांतपणे संपूर्ण दाढी करीत होते. मी सिअ‍ॅटलला पोहोचलो तेव्हा कचेरीतील लोक सकाळची दुसरी कॉफी घेत असावेत. परतताना पाऊस, आणि पुढे कोणाचा तरी अपघात. घरी आल्यावर जेवण्याइतकेही त्राण उरले नाही. तरीसुद्धा मला तो प्रवास वाईट वाटला नाही, हे मी सॉल्वेगला सांगितलेले नाही.

बुधवारी रात्री ब्रेमर्टनमध्ये मुक्काम केला आणि गुरुवारी पहिल्या बोटीवर सर्वांच्या आधी चढलो. वरच्या मजल्यावर, खिडकीलगतच्या टेबलावर, कोडेचित्राचे शेकडो तुकडे विखुरलेले होते. काही जोडलेले, काही सुटे, आणि रिकामी पेटी बाकाखाली. कोणी तरी निष्काळजी प्रवासी आदल्या दिवशी तसेच टाकून उतरला असावा, असा मी तर्क केला. सार्वजनिक जागेची ही अवस्था मला पाहवली नाही. जोडलेला भाग सुटा केला, सर्व तुकडे पेटीत भरले, आकाशातल्या रंगीत फुग्यांचे चित्र असलेले झाकण लावले आणि पेटी टेबलाच्या कडेला काटकोनात ठेवली. मनाला समाधान वाटले.

तेवढ्यात नेहमीची माणसे चढली. कॉफीचा थर्मास हाती घेतलेली एक ठेंगणी, पांढऱ्या केसांची बाई टेबलापाशी येऊन खिळून उभी राहिली.

"कॉर्डेल," ती मागच्या माणसाला म्हणाली, "आपले फुगे गेले."

"गेले म्हणजे?" कॉर्डेल हा न्यायालयातील शिपाई, दाराएवढा रुंद. त्याने पेटी हलवून पाहिली. "तीन आठवडे, तामिको! तीन आठवडे त्या निळ्या आकाशावर डोळे फोडले आपण! कोणी केलं हे?"

मारित, मला तुझी फार आठवण झाली. अशा प्रसंगी तू मला कोपराने ढोसले असतेस आणि स्वतः बोलली असतीस. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "हे मी केले. मला वाटले, कोणी तरी पसारा टाकून गेले."

कॉर्डेलने पेटी टेबलावर ठेवली. नंतर तो एवढ्या मोठ्याने हसला की पलीकडे झोपलेली माणसे जागी झाली. "पसारा! ऐकलंस, तामिको? साहेबांनी आवरून ठेवलं! अहो, हे असंच राहतं बोटीवर. येईल त्याने दोन तुकडे लावायचे आणि उतरायचं. कोणाच्या बापाचं नसतं ते."

"नवीन दिसताय," तामिको म्हणाली. ती रुग्णालयाच्या मुदपाकखान्यात काम करते. "घरीही असंच आवरता का हो?"

"होय."

"मग बायको काय म्हणते?"

हे पत्र मी येथवर आणून दोनदा बाजूला ठेवले. मार्चपासून मी तुझ्याविषयी "अनुपस्थिती" असा शब्द वापरीत आलो आहे. बँकेत, कॉलेजात, वेल्माबाईंसमोर, आणि आधीच्या पत्रात तुझ्यासमोरसुद्धा. वाक्याची रचना अशी करावी की दुसऱ्या शब्दाला जागाच उरू नये, ही कला मला साधली होती. परंतु तामिको चेष्टेने विचारीत होती, वाक्य जुळवायला अवधी नव्हता, आणि मी म्हणालो, "ती वारली. मार्चमध्ये."

तामिकोने हात माझ्या खांद्यावर वगैरे ठेवला नाही. तिने थर्मासच्या झाकणात कॉफी ओतून माझ्यापुढे सरकवली. कॉर्डेलने पेटी टेबलावर उपडी केली.

"बसा," तो म्हणाला. "मोडलंत तुम्ही, आता लावायचंही तुम्हीच. आधी कडा शोधा."

"फुग्यांना हात लावायचा नाही," तामिको म्हणाली. "फुगे माझे. नवीन माणसाला आकाश मिळतं. इथला नियमच आहे."

"कसला नियम? तू आत्ता केलास!"

"केला ना? मग झाला."

बोट निघाली. मी निळे तुकडे वेगळे काढू लागलो. आणि मला बोट का नको होती, ते तेथे ध्यानात आले. धुके आणि वारा ही निमित्ते होती. गाडीत हात चाकावर असतात, नजर रस्त्यावर असते, मन पुढच्या गाडीच्या दिव्यांना बांधलेले असते. दिवसाचे चार तास विचार न करण्याची ती हक्काची सोय होती. म्हणूनच मला मंगळवार वाईट वाटला नव्हता. बोटीवर हात रिकामे राहतात. तासभर पाण्याकडे पाहत बसावे लागते, आणि त्या तासात तू येशील, याची मला भीती होती.

तू आलीसही. बेनब्रिज बेटाच्या वळणावर उजाडू लागले तेव्हा आलीस, आणि मी एक तुकडा हातात धरून बराच वेळ तसाच बसलो. कोणी हटकले नाही. वाटले होते तेवढे ते कठीण गेले नाही. कदाचित ते कठीणच असेल, परंतु सोसण्यासारखे होते.

उतरताना कॉर्डेलने बजावले, "उद्या पळून जाल, साहेब. तुमच्यासारख्यांचा भरवसा नाही."

"मी अद्याप येथे राहावयास आलेलो नाही."

"म्हणजे आमचं आकाश अर्धवट सोडून चाललात? वा रे वा!"

सायंकाळच्या बोटीने ब्रेमर्टनला परत गेलो आणि धक्क्यावरून चढ चढून भाड्याच्या जागेची पाटी शोधली. दोन खोल्या आहेत. उतरताना चाल सोपी, परतताना छातीचा भाता होतो. स्वयंपाकघराच्या खिडकीतून बोट येताना दिसते. घरमालकाच्या मते, दिसली की जोडे घालावेत आणि धावावे. मी धावणार नाही, आधीच निघेन.

उद्या वेल्माबाईंना सांगेन.

तुझा,
हालवर


शहेलिस,
३० सप्टेंबर

प्रिय मारित,

सांगितले. वेल्माबाईंनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिले. "मुलाचा जीव घुटमळतोय, हे मला जुलैतच दिसत होतं," त्या म्हणाल्या. एकसष्ट वर्षांच्या माणसाला त्या मुलगा म्हणतात. "तू इथंच राहणार असं दिसलं तेव्हा मी रात्रभर जागी होते, ठाऊक आहे? म्हटलं, हा आता या जिन्यावरच वाळणार. बरं झालं. भाडेकरू मिळेल मला. आणि तुझ्यापेक्षा बोलका मिळेल!" नंतर त्या आत गेल्या आणि बराच वेळ नळ चालू ठेवला.

सॉल्वेग मदतीला आली. मार्चपासून मी बैठकीतल्या सोफ्यावर निजत होतो, हे तिला ठाऊक नव्हते. तिने घडी केलेले पांघरूण पाहिले, शयनगृहाचे दार उघडले आणि खिडक्या सताड उघड्या केल्या. "बाबा, या आत. एकटीने नाही आवरायची मी." आम्ही दोघांनी आवरले. तुझी पुस्तके तिने घेतली, शिवणयंत्र वेल्माबाईंनी. लोखंडी तव्यावरून आमचे भांडण झाले आणि ती जिंकली. तुझा हिरवा रेनकोट मी ठेवला. बोटीवर वारा असतो. मला तो तोकडा होतो, हे सॉल्वेगने सांगितले. मी तिला अंगात घालून दाखविलेला नव्हता, तरी तिला कळले.

मध्यंतरी एकदा बोटीवर जाऊन आलो. चित्र निम्म्याहून अधिक लागले आहे. माझ्या आकाशात तामिकोने परवानगीवाचून चार तुकडे लावले होते. मी तीव्र निषेध नोंदविला. ती म्हणाली, "रोज या, मग राखा."

सोमवारपासून रोज जाईन. तू वारलीस, मारित, हे मी आता लिहू शकतो, आणि लिहून झाल्यावरही तुझ्याशी बोलावेसे वाटते. ही पत्रे मी यापुढे बोटीवर लिहीन. तेथे हात रिकामे असतात.

सामान गेले. सॉल्वेग खाली गाडीत वाट पाहत आहे आणि भोंगा वाजवीत आहे; तुझीच मुलगी. हे स्वयंपाकघराच्या ओट्यावर, उभ्याने लिहीत आहे.

सदैव तुझा,
हालवर

ता. क. गाडीतून लिहितो. खिडक्या तपासल्या, दिवे मालवले, दाराला कुलूप लावले. दोन्ही किल्ल्या, माझी आणि तुझी, वेल्माबाईंच्या हाती परत दिल्या.