आईला दिलेला शब्द रद्द करण्याबाबत

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा सोफे आणि खुर्च्या शिवणे, आज सकाळी चहा पिऊन, दुसरं काहीही न पिता, हे मृत्युपत्र राजीखुशीने, अक्कलहुशारीने आणि कोणताही कैफ न करता लिहून ठेवते आहे. हे शब्द जुन्या कागदांत असतातच आणि लिहिणारे ते डोळे मिटून उतरवतात. मी डोळे उघडे ठेवून लिहिले आहेत. आमच्या घरात ज्याने कुठे सही केली किंवा कुणाला शब्द दिला, तो नंतर म्हणाला, "तेव्हा मी लहान होतो," नाहीतर म्हणाला, "तेव्हा मी प्यायलेलो होतो." माझ्यामागे माझ्याबद्दल असं कुणी बोलू नये म्हणून डॉक्टरांना मुद्दाम बोलावून घेतलं आहे. त्यांनी नाडी पाहिली, वार विचारला, तोंडाचा वासही घेतला. म्हणाले, "मावशी, शुद्धीत आहात, पण फार चिडलेल्या आहात." चिडलेल्या माणसाचं मृत्युपत्र कायद्याला चालतं. मी विचारून घेतलं आहे.

कलम पहिले : मिळकत. खाली दुकान, वर राहत्या दोन खोल्या, आणि मागच्या चौकात एक सुटी खोली, जिथे मी काथ्या आणि स्प्रिंगा ठेवते. हे सगळं स्वकष्टार्जित आहे. वडिलोपार्जित म्हणावं असं माझ्याकडे फक्त हे डोकं आहे आणि ते तापट आहे. याशिवाय बँकेत शिल्लक आहे. दागिने नाहीत. होते.

कलम दुसरे : माझा नवरा. तो वारून पुष्कळ वर्षं झाली, तेव्हा त्याला काही द्यायचा प्रश्न येत नाही. पण त्याचा हिशेब कुठेतरी लिहिलेला असावा, आणि याहून चांगला कागद मला पुन्हा मिळणार नाही.

त्याने माझं चामडं शिवायचं मशीन गुत्तेवाल्याला विकलं. पायमशीन, जड, दोन माणसांना उचलावं लागतं असं. मी बाहेर गिऱ्हाइकाच्या घरी माप घ्यायला गेले होते. परत येते तर भिंतीपाशी रिकामी जागा आणि जमिनीवर चार पायांच्या खुणा. गुत्तेवाल्याकडे कागद तयार होता आणि त्यावर नवऱ्याची सही, तीही वळणदार. तेव्हाचे एक वकील मला म्हणाले, "बाई, नशेत केलेला व्यवहार टिकत नाही. फक्त तो नशेत होता हे सिद्ध करा." साक्षीदार कोण? त्याच्याच टेबलावरचे. सगळ्यांनी शपथेवर सांगितलं की त्या दिवशी त्यांनी नुसता सोडा घेतला होता. त्यातल्या एकाला शपथ घेताना कठड्याला धरून उभं राहावं लागलं. व्यवहार पक्का ठरला आणि माझं मशीन मी विकत घेऊन घरी आणलं.

त्याच नवऱ्याने त्याच वर्षी एकदा शेजाऱ्यांना गोळा करून, रडत रडत, मला सगळ्यांसमोर वचन दिलं की उद्यापासून थेंब घेणार नाही आणि दुकानाच्या पैशाला हात लावणार नाही. सकाळी आठवण करून दिली तर म्हणाला, "प्यायलेल्या माणसाचं बोलणं मनावर घेतेस होय?" म्हणजे विकलं तेव्हा शुद्धीत आणि कबूल केलं तेव्हा नशेत. कायदा काही मूर्ख नाही, हे मला आता कळलं आहे. कायदा म्हणतो, माणूस सही करताना भानावर असला पाहिजे. पण भान होतं की नव्हतं हे ठरवताना आमच्या घरात नेहमी ज्याची सोय पाहिली गेली, ते माणूस मी नव्हते.

कलम तिसरे : दुकान. दुकान, वरच्या दोन खोल्या, वर सांगितलेलं मशीन, हातोड्या, कात्र्या, वाकड्या सुया, कापडाचे तागे आणि गिऱ्हाइकं, हे सर्व मी माझ्याकडे काम करणाऱ्या बाईला देते. ती उंच, किडकिडीत आणि बोलायला टोचरी आहे म्हणून तिला सगळे दाभण म्हणतात, आणि तिलाही ते चालतं. कामाला आली त्या पहिल्याच दिवशी म्हणाली, "मला स्प्रिंगा बांधता येत नाहीत. शिकवणार असाल तर राहते, नाहीतर आत्ताच सांगा." आपल्याला काय येत नाही हे न विचारता सांगणारं माणूस मला जन्मात पहिल्यांदा भेटलं. तिला मी वचन मागितलं नाही आणि तिने दिलं नाही. रोज येते, काम करते, भांडते, घरी जाते.

माझा भाचा, म्हणजे भावाचा मुलगा, म्हणतो की या जागेत मोबाइलचं दुकान फार छान चालेल. चालेल. दुसरीकडे चालवावं.

कलम चौथे : माझा भाऊ. वय त्रेसष्ट. आजही त्याला सगळे धाकटा म्हणतात आणि तो ओ देतो.

त्याच्या सतराव्या वर्षी त्याला मिशा फुटल्या होत्या. त्या मिशांच्या जोरावर वय वीस सांगून त्याने कोपऱ्यावरच्या रेडिओवाल्याकडून हप्त्याने रेडिओ आणला. मला म्हणाला होता, "ताई, रेडिओशिवाय माणूस जगूच शकत नाही." पहिला हप्ता दिला. मग रेडिओ मित्राच्या हातून पडून फुटला. रेडिओवाला पैसे मागायला आला तेव्हा धाकट्याने कुठूनतरी शिकून येऊन त्याला सांगितलं, "मी अज्ञान आहे, म्हणजे अठरा पूर्ण नाहीत. माझ्याशी केलेला करार होतच नाही. जगायला लागणारी वस्तू असती तर गोष्ट वेगळी होती, पण रेडिओ काही जगायला लागत नाही."

रेडिओवाला साधा माणूस. माझ्या दारात उभा राहिला आणि एवढंच म्हणाला, "मिशा बघून दिला हो ताई." तो कोर्टात गेला असता तरी हरला असता. अज्ञान मुलाने वय खोटं सांगितलं तरी तो अज्ञानच. मुलांना कुणी लुबाडू नये म्हणून हा कायदा आहे, आणि तो चांगला आहे. पण मुलाने लुबाडलं तर मोठ्या बहिणीने हप्ते भरावेत असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही. मी भरले.

तेव्हापासून धाकट्याला ते औषध लागू पडलं. नोकरी सोडली, लहान होतो. नको तिथे पैसे गुंतवले, लहान होतो. मी दुकान घेतलं तेव्हा निम्मे पैसे घालीन असं त्याने कागदावर लिहून सही केली होती. तेव्हा तो चांगला बाप्या झाला होता, त्याला मुलगा होता, आणि पुढचे केस गेले होते. लहान होतो म्हणता येईना. मग म्हणाला, "ताई, त्या दिवशी मी जरा घेतली होती." याने! ज्याला खोकल्याच्या औषधाने चक्कर येते! त्याची बायकोसुद्धा हसली. मी हसले नाही. निम्म्या पैशांसाठी दागिने मोडायला मी गेले होते.

कलम पाचवे : आईचा शब्द. या सगळ्याचं मूळ इथे आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आई गेली तेव्हा मी पंधरा वर्षांची होते आणि धाकटा सात. वडील आधीच गेले होते. आईने माझा हात धरून सांगितलं, "याला अंतर देऊ नकोस." मी म्हटलं, "नाही देणार." एवढंच. मी शाळा सोडली आणि एका म्हाताऱ्या कारागिराकडे खुर्च्यांचं जुनं कापड उसवायच्या कामाला लागले. लग्नाची बोलणी आली तेव्हा प्रत्येकाला एकच अट सांगितली, भाऊ माझ्याबरोबर येईल. तिघे उठून गेले. चौथा म्हणाला, येऊ दे की. तो कलम दुसऱ्यातला.

गेल्या वर्षी धाकटा माझ्याकडे आला आणि म्हणाला, "ताई, तुला मूलबाळ नाही. दुकान माझ्या मुलाच्या नावावर कर. आईला शब्द दिला होतास." मी तशीच उठून वकीलबाईंकडे गेले. त्यांच्या कचेरीतली फिरती खुर्ची मीच शिवून दिली आहे. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "तेव्हा तुमचं वय काय होतं, मावशी?"

"पंधरा."

त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "मुळात आईला दिलेला शब्द म्हणजे कायद्याचा करार नव्हे. आणि समजा असता, तरी तुम्ही अज्ञान होतात. अज्ञान व्यक्तीचा करार आरंभापासूनच रद्द. मोठेपणी 'तो मला मान्य आहे' असं म्हणूनही तो जिवंत होत नाही. नवा करावा लागतो."

"मी नवा कधी केला नाही," मी म्हटलं.

"मग तुमच्यावर काहीच बंधन नव्हतं."

त्यांना वाटलं मला बरं वाटेल. मला एवढा राग आला की खुर्चीचे हात धरून बसावं लागलं. आमच्या घरात शुद्धीतल्या, मिशीवाल्या, सज्ञान पुरुषांनी सह्या करून केलेले करार मोडले. एकच पाळला गेला, आणि तो कायद्याच्या हिशेबी कधी झालाच नव्हता. रेडिओपुरता माझ्या भावाला कायदा ठाऊक होता. माझ्यासाठी तो वाचायला कुणी गेलं नाही. मला कुणी लहान असू दिलं नाही आणि प्यायला मला वेळ नव्हता, म्हणून सगळ्यांचे करार माझ्या गळ्यात आले.

कलम सहावे : बँकेतली शिल्लक. माझा अंत्यविधी साधेपणाने उरकून उरेल ती सर्व रक्कम धाकट्याच्या नातीला, म्हणजे मला आत्याआजी म्हणणाऱ्या मुलीला द्यावी. ती पंधरा वर्षांची आहे. अज्ञान व्यक्तीला देता येतं, तिच्याकडून वचन मात्र घेता येत नाही, असं वकीलबाई म्हणतात. ती सज्ञान होईपर्यंत रक्कम वकीलबाईंनी विश्वस्त म्हणून सांभाळावी. तिच्या बापाने नाही.

मागच्या महिन्यात मी भाच्याकडे जेवायला गेले होते. जेवता जेवता भाचा मुलीला म्हणाला, "आम्ही नसू तेव्हा आजोबांना तू बघायचं हं. दे बघू आत्याआजीसमोर शब्द." पोरीने हात पुढे केलासुद्धा. मी तिचा हात धरून परत तिच्या ताटात ठेवला आणि म्हटलं, "खबरदार. हिच्याकडून कसलाही शब्द घ्यायचा नाही." सूनबाई म्हणाली, "अहो आत्या, गंमत चालली होती." असेल. पोर गंमत करत नव्हती. पोर खरंच देत होती.

सबब असं लिहून ठेवते की या मुलीकडून ती सज्ञान होईपर्यंत आजोबांबद्दल, घराबद्दल किंवा कुणाच्याही म्हातारपणाबद्दल जो कोणी शब्द घेईल, तो माझा शत्रू. आणि मुली, तू दिला असलास, तर तो रद्द आहे. शिक, भटक, पैसे उधळ. निम्मे तरी उधळच.

कलम सातवे आणि शेवटचे. मी याद्वारे जाहीर करते की मी अज्ञान असताना आईला दिलेला शब्द आरंभापासून रद्दबातल होता, मी सज्ञान झाल्यावर तो नव्याने दिलेला नाही, आणि त्याच्या आधारे धाकटा, त्याचा मुलगा किंवा त्यांच्यातर्फे कोणीही माझ्या मिळकतीवर काडीचाही हक्क सांगू नये.

हे मी धाकट्याला तोंडावर सांगितलं. दुकानात बोलावून, समोर बसवून, वकीलबाई जे बोलल्या ते सगळं ऐकवलं. मग भांडण संपलं असं समजून कामाला लागले. एका आरामखुर्चीची पाठ ठोकायची होती. आमच्या कामात बारीक खिळे ओठांत धरतात, म्हणजे एक हात कापड ताणायला मोकळा राहतो. धाकट्याने खाली पडलेला एक खिळा उचलून माझ्यापुढे ठेवला. मग म्हणाला, "म्हणजे ताई, एवढी वर्षं तू आईला शब्द दिला होतास म्हणूनच मला सांभाळलंस?"

माझ्या तोंडात खिळे होते. ते हातावर काढेपर्यंत तो उठून गेला होता. त्रेसष्ट वर्षांचा माणूस, बाहीने नाक पुसत भर रस्त्यातून चालला होता. दाभण म्हणाली, "जा की मागे." मी गेले नाही. मला त्याचा संताप आला होता, दाभणचा आला होता, त्या खुर्चीचासुद्धा आला होता.

उत्तर इथे लिहिते, कारण समोर आला तर मी पुन्हा भांडेन. पहिली काही वर्षं शब्द म्हणूनच केलं. पुढे केव्हातरी शब्द मागे पडला आणि हा एवढा उरला. रेडिओचे हप्ते भरले तेव्हा मला आईची आठवणही नव्हती. रेडिओवाल्याच्या मागे धाकटा रडवेलं तोंड करून दारात उभा होता, एवढंच दिसत होतं. हे मला कळलं ते वकीलबाईंच्या समोर बसल्यावर, आणि माझा खरा राग हाच आहे. शब्दामुळे केलं असतं, तर आज आईवर चिडून मोकळी झाले असते. आता चिडायचं कुणावर?

तर मागच्या चौकातली खोली धाकट्याला तहहयात राहायला देते. त्याला ती विकता येणार नाही, भाड्याने देता येणार नाही, मुलाच्या नावावर करता येणार नाही. भाच्याच्या घरात त्याचं कुणाशी वाजलं तर त्याने सरळ इथे यावं, दाभणने दार उघडावं आणि दोघांनी वाटेल तेवढं भांडावं. खोलीतल्या स्प्रिंगा दुसरीकडे हलवाव्यात. खिडकीतून वारा येतो आणि त्याला सर्दी लवकर होते, तेव्हा तिथे जाड पडदा लावावा.

वकीलबाई म्हणाल्या, "मावशी, शब्द रद्द केलात आणि पुढच्याच ओळीत खोली देताय. पुढे वाद नको म्हणून या देण्याचं काहीतरी कारण लिहा." बरं, लिहिते. हे देणं शब्दापोटी नाही, हक्कापोटी नाही आणि दयेपोटी तर मुळीच नाही. तो माझा भाऊ आहे.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, मोठ्याने वाचला आणि मला तो मान्य आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी.

लिहून ठेवणार : (सही) सोफेवाली मावशी

साक्षीदार :
१. (सही) गल्लीच्या तोंडाशी दवाखाना असलेले डॉक्टर. लिहून ठेवणारीस तपासले. शुद्धीत आहे. शेवटचे कलम वाचताना थांबली, पाणी प्यायली, पुन्हा वाचले.
२. (सही) शेजारचे चष्मेवाले. माझ्यासमक्ष सही केली.

ठिकाण : दुकानाची पुढची खोली
दिनांक : ११ मार्च २०१९