टाकीखालचा व्हॉल्व्ह

नाना, टाकीखालचा तो सहा इंची बॉल व्हॉल्व्ह आज मी पुन्हा खोलला आणि पुन्हा बांधला. तुम्ही हेड फिटर होतात तेव्हा दर ऑफ-सीझनला तो स्वतः खोलायचात, म्हणून वाटलं, तुम्हाला कळवावं. यंदा कारखाना सुरू करायचा म्हणतात. तुम्ही गेल्यापासून ही हूल तीनदा उठली. ऊस कुठंय ते विचारू नका. चकलांब्यापासून इकडं सगळी रानं उघडी पडलीत आणि ज्यांनी ऊस लावायचा ती माणसं दुसऱ्यांचा ऊस तोडायला गेलीत. तरी ऑफिसातून निरोप आला, मेंटेनन्स उरकून घ्या. आम्ही चौघंच उरलोय. मी आता हेड फिटर. तुमच्या स्टुलावर बसून ऐटीत हुकूम सोडावा म्हणून मान वळवतो, तर समोर नुसती भिंत.

तुम्ही तो बॉल हातात कसा घ्यायचात, ते आज आठवलं. नुकत्याच न्हाऊ घातलेल्या तान्ह्या पोरासारखा. मऊ फडक्यानं पुसून त्यावरून नख फिरवायचं, कुठं ओरखडा लागतो का बघायचं. मग एक पांढरी टेफ्लॉनची रिंग, बॉल, दुसरी रिंग, आणि वरून बॉडीचा दुसरा भाग. मी पहिल्यांदा बोल्ट ओळीनं आवळत गेलो तेव्हा तुम्ही पाना हिसकावून घेतलात. "कावून रे, वरात निघालीय का तुझी? एक आवळला की समोरचा आवळ. न्हाईतर रिंग एका अंगानं चेपती, मग बसा बोंबलत!" आणि या व्हॉल्व्हबद्दल तुमचं वेगळं सांगणं होतं. त्याचा मूळ दांडा कधीच हरवलेला. आपल्या वर्कशॉपात पाइपाचा केलेला दांडा बॉल फिरवणाऱ्या चौकोनी टोकावर कसाही बसायचा, उभा किंवा आडवा. "दांड्याकडं बघू नको," तुम्ही म्हणायचात. "टोकावरची खाच बघ. खाच पाइपाच्या रेषेत हाय तर चालू, आडवी हाय तर बंद. मंगच दांडा चढव."

तुम्ही अंबाजोगाईच्या दवाखान्यात होतात, त्या दुष्काळातली गोष्ट आहे. कारखाना बंद, पण कॉलनीत साठ घरं राहत होती, आणि आठ दिवसांतून एकदा टँकर येऊन ही टाकी भरायचा. टाकीतून एक बारीक लाइन कॉलनीला आणि ही मोठी लाइन बंद पडलेल्या मिलला. मोठीचा व्हॉल्व्ह झिरपायला लागला, म्हणून टँकर यायच्या दिवशी सकाळी मी तो एकट्यानं खोलला. रिंगा बदलल्या, बोल्ट समोरासमोरचे आवळले, पान्यानं बॉल फिरवून बघितला. लोण्यासारखा फिरला. मी खुशीत. तेवढ्यात फाटकाशी टँकर वाजला आणि बाया घागरी घेऊन नळांवर नंबर लावायला पळाल्या. मी घाईत दांडा आडवा चढवला, म्हणजे बंद, आणि हात पुसत निघालो. टोकावर ग्रीस माखलं होतं. मी ते पुसलं नाही. खाच बघितली नाही, नाना.

बॉल फिरवून बघताना मी तो चालूच ठेवला होता. टँकरनं टाकीत ओतलेलं सगळं पाणी मिलच्या सुट्या पाइपातून खालच्या गटारात गेलं आणि तिथून कोरड्या नाल्यात. नाल्यानं ते दुपारपर्यंत पिऊनही टाकलं. चार वाजता नळ सोडायची वेळ झाली, तर नळ कोरडे. माणसं टाकीवर धावली, बघितलं, तर दांडा आडवा. व्हॉल्व्ह बंद, टाकी रिकामी, म्हणजे टँकर रिकामा झालाच नाही, असं सगळ्यांनी ठरवलं. फाटकावर टँकरची नोंद करणारा वॉचमन. त्यानंच टँकर कुणाच्या तरी मोसंबीच्या बागेवर धाडला, असा ओरडा झाला. बाया त्याच्या दारात रिकाम्या घागरी आपटत होत्या. तो म्हणत होता, "आईशप्पत, माझ्या डोळ्यांदेखत ओतलं! लेकराचं पाणी मी कसं इकीन?" त्याचं लेकरूही त्याच नळाचं पाणी प्यायचं. मी गर्दीतच उभा होतो. नंतर सगळे पांगल्यावर टाकीखाली गेलो, ग्रीस पुसलं. खाच पाइपाच्या रेषेत. मी बॉल फिरवला, दांडा काढून नीट चढवला, आणि घरी आलो.

दुसऱ्या दिवशी तुम्हाला भेटायला आलो. तुमचा आवाज बसला होता. तरी तुम्ही विचारलंत, "टाकीचं काम केलंस म्हणं. खाच बघितलीस का?" मी म्हणालो, "व्हय नाना." तुम्ही माझा हात दाबलात. चार दिवसांनी तुम्ही गेलात. निरोप आला तेव्हा रडू येण्याआधी मला हायसं वाटलं. आता कुणी विचारणार नव्हतं.

वॉचमनला त्याच आठवड्यात काढलं. तेव्हापासून नवरा-बायको ऊसतोडीला जातात. मधे युसूफ वडगाव या गावच्या बाजारात तो भेटला. पार वाळलाय. त्यानं मला चहा पाजला, वर म्हणतो, "नाना असते तर त्यांनी खरं काढलं असतं बघा. लई बारीक नजर व्हती." मी चहा संपवला आणि हो म्हणालो.

आज व्हॉल्व्ह बांधून झाला. काम चांगलं झालंय, तुम्हीसुद्धा नावं ठेवली नसती. पण तो धरतो की नाही ते बघायला टाकीत पाणी नाही. रजिस्टरात मी 'टेस्ट बाकी' लिहिलं. तिन्ही वेळा तेच लिहिलं होतं.

हे पत्र खरं तर त्या वॉचमनला लिहायला हवं. तो जिवंत आहे, त्याचं गाव, त्याचं घर मला माहीत आहे, दिवाळीपर्यंत तो घरीच असतो. तुम्हाला लिहिलं, कारण तुम्ही ते वाचणार नाही.