एक मडकं तविलीस

तालिसाय, तळ्याकाठ
२४ मार्च

प्रिय लुनिंग,

आशीर्वाद. तू, जावईबापू आणि नात मुत्या तिकडे दोहात खुशाल असाल. मी ठणठणीत.

ईस्टरला आल्यावर तुझी आई, नानाय, करायची तसं आपल्या तळ्यातल्या तविलीस मासळीचं एक मडकं हवं म्हणालीस. ते खरं किती महाग पडतं, ऐक. आंबट कामियास आपल्याच झाडाचं, केळीची पानं परसातली, सरपण वाऱ्यानं पाडलेलं. एवढं फुकट. पण मडकं काठोकाठ भरावं लागतं. मासे तळव्यानं चपटे करून थरावर थर. अर्धवट भरलं की करपतं. तेवढ्या माशांसाठी हल्ली होडी पहाटेपासून दुपारपर्यंत फिरते, आणि रिकाम्या हातानं घरी आलेल्या नवऱ्याशी बायको बोलत नाही.

बाकी खाणावळ जोरात. टेबल रिकामं सापडत नाही. म्हणून दोहाला येऊन राहा, एवढं मात्र म्हणू नकोस. गिऱ्हाईक कुणाच्या जिवावर सोडू?

एक विसरलीस, पोरी. मार्च-एप्रिल तळ्यात मासेमारी बंद. तविलीस अंडी घालते. नावाडी इस्को म्हणाला, "बेनिंगकाका, गुपचूप दोन जाळी टाकतो. कोण बघतंय?"

"या तळ्याबाहेर हा मासा जगात कुठं नाही, गाढवा! पोटुशी मासळी ओढून नातीला काय दाखवू? शेवटची?"

मग काल समुद्रातले तसलेच चंदेरी मासे आणून मडकं लावलं. शेजारच्या आलिंग सेपाला चाखायला दिलं. तिनं घास तोंडात फिरवला.

"नात फसेल. लेक नाही फसायची. आणि काय रे बेनिंग, एवढं मोठं मडकं कुणासाठी लावलंस?"

"गिऱ्हाइकांसाठी."

एरवी खिदळणारी बाई. काल हसली नाही.

तेव्हा ईस्टरला तविलीस मिळणार नाही. बंदी मे महिन्यात उठते. शहाणा माणूस म्हणेल, तेव्हाच या. मी म्हणत नाही. आत्ताच या. मुत्याला होडीतून तळं दाखवीन. मासे खाली असतील, दिसणार नाहीत. नानाय गेल्यापासून बंद होती ती खोली झाडून ठेवलीय. आणि परत जाताना माझ्या तिकिटाचा विषय काढलास, तर यंदा भांडणार नाही.

दाराशी खुर्ची टाकून बसलेला,
तुझा ताताय

ता. क. जोरात म्हटलं खरं. या आठवड्यात आपल्या खाणावळीत बसून जेवलेला माणूस मी एकटाच.