लसणाची चव

१२ ऑगस्ट, सांगली
आष्ट्याहून सकाळच्या एसटीने आले. चंदनबालाआत्याने वरची खोली दिली. खिडकीतून बस्तीचं, आमच्या जैन मंदिराचं, शिखर दिसतं. आत्याकडे कांदा-लसूण नाही, सूर्यास्तानंतर जेवण नाही. आमच्या घरासारखंच. ज्या लॅबमध्ये नोकरी लागली तिथे जयराज सरांनी स्वतः काम दाखवलं. यकृताच्या पेशींवर रंगाचा थेंब सोडायचा. रंग फक्त मेदात शिरतो. निळा प्रकाश टाकला की पेशीत सोनेरी ठिपके उजळतात. मी पुन्हा पुन्हा पाहिलं. सर म्हणाले, रंग ज्या द्रावकात आहे तो कातडीतून आत जातो, रंगालाही नेतो. तोंडाला लसणाची चव आली की काम थांबवायचं. मी मान हलवली. लसूण कधी खाल्लेला नाही, हे सांगायचं राहिलं.

१९ ऑगस्ट
लॅबचे जाड हातमोजे मला मोठे होतात. पातळ विकत आणले. आता काम भराभर होतं. सर खूश आहेत. तोंडाला कसलीशी चव आहे, उग्र, कोमट. पाणी बदललं म्हणून असेल.

२४ ऑगस्ट
शेजारच्या टेबलावर बिरदेव असतो, जतचा. म्हणाला, मॅडम, चोरून चटणी खाता व्हय, लय वास येतोय. त्याच्याच डब्याचा असेल, म्हटलं. माज्या डब्यात दही हाय, म्हणाला. जैनांच्या मुलीला असं चिडवतातच.

२७ ऑगस्ट
आत्याने माझं ताट वेगळं काढलं. लसूण खाऊन माझ्या स्वयंपाकघरात येतेस, म्हणाली. नाही खाल्ला, मी शपथ घेतली. तुझ्या श्वासालाच वास आहे, म्हणाली. तेव्हा कळलं. हीच ती चव.
लॅबमध्ये जाऊन हात निळ्या प्रकाशात धरला. मनगटापर्यंत सोनेरी.

२८ ऑगस्ट
सर म्हणाले, रंग मेदात साठतो, हळूहळू निघेल. मिरजेच्या डॉक्टरांना काही सापडलं नाही. बोटांना पेन जाणवत नाही. दुखत नाही. आत्याला सगळं सांगितलं. तिला पटलं नाही. पर्युषण पर्व सुरू झालंय, उपास धर, शुद्ध होशील, म्हणाली. बरं म्हटलं.

१ सप्टेंबर
दिवसातून एकदा उकळलेलं पाणी. भूक नाही. पातेल्याने हात भाजला. वास आला तेव्हा कळलं.

३ सप्टेंबर
बस्तीसमोर निळी रोषणाई. तिच्याखालून गेले. बायका बाजूला सरल्या. आत्या माझ्या गळ्याकडे बघत होती. मग चेहऱ्याकडे —

४ सप्टेंबर
बिरदेवचा फोन. मॅडम, उपास सोडा, आत्ताच्या आत्ता, सर म्हणत्यात. उपासाने मेद वितळतो. रंग सुटतो. उरलेल्या मेदाकडे जातो. नसांवर मेदाचंच वेष्टन. मेंदूही —
आत्याकडे जेवण मागितलं. सूर्य मावळला होता. उजाडल्यावर, म्हणाली.

नंतर
उजाडलं. आत्याला हाक मारली. अंधार आहे गं, झोप, म्हणाली.
डोळे मिटले. तरी उजेड. सोनेरी ठिपके, आतून —
पुन्हा हाक मारली. अजून नाही, म्हणते. उजाडलं की वाढते म्हणते. पण मला कसं कळणार, मला तर सगळीकडेच