खानावळीच्या उंबऱ्याबाहेर

नायगाव,
१७ फेब्रुवारी

आदरणीय अप्पा यांस,
सप्रेम जयभीम.

इकडे आम्ही सगळे बरे आहोत. तुमची तब्येतही बरी असेल आणि राधाआत्या तुम्हाला बिनसाखरेच्या चहावर ठेवत असेल, असं धरून चालतो. तुमचा वाचायचा चष्मा टीव्हीवरच राहिला होता, तो प्रितीबरोबर या पत्रासोबत पाठवतोय. बीपीची गोळी सकाळची आहे, रात्रीची नाही. हे आत्याला माहीत आहे, तुम्हाला माहीत असूनही तुम्ही विसरता.

चाळ पाडणार म्हणून घरं रिकामी करायची, त्यामुळे नुसती बांधाबांध चाललीय. शेजारच्या हितेंद्रने घाईघाईत पंखासुद्धा उतरवून खोक्यात भरला आणि आता उकडतं म्हणून सगळ्या दुनियेला शिव्या देतो. आपलं सामान तुम्ही आल्याशिवाय बांधायचं नाही, असं तुमच्या सुनेने, प्रितीने, जाहीर केलंय. काय टाकायचं आणि काय ठेवायचं यावर भांडायला तिला तुम्हीच हवे आहात, माझ्याशी भांडण्यात तिला मजा येत नाही.

फोन केला की तुम्ही कट करता. वडाळा काही परदेश नाही, बसने पंधरा मिनिटं लागतात. पण मी दारात उभा राहिलो आणि तुम्ही उठून आतल्या खोलीत गेलात, तर मला ते झेपायचं नाही. म्हणून पत्र लिहितोय.

प्रयोग झाला, अप्पा. परळच्या हॉलमध्ये, गेल्या रविवारी. ‘गिरणीची खानावळ, १९२८’. तिकीट काढून आलेली माणसं पाटावर बसली आणि आम्ही नाटक करता करता त्यांना जेवायला वाढलं. जेवण झकास झालं होतं. प्रितीने ज्वारीच्या भाकऱ्या थापल्या, कुळथाचं पिठलं केलं, सुकटीचं कालवण आणि खरडा. टोमॅटो कशातच नाही, त्या काळी गरिबाच्या चुलीपर्यंत तो कुठला पोचायला! सगळा आंबटपणा चिंचेचा. एका बाईंनी भाकरीत ग्लूटेन आहे का विचारलं, तर प्रिती म्हणाली, “१९२८ मध्ये नव्हतं.” तुम्ही असतात तर हसला असतात.

खानावळवाली झाल्या होत्या मीनाक्षीताई. तुम्ही त्यांना एकदा बघितलंय, त्या शिवाजी पार्कच्या, कॉलेजात इतिहास शिकवायच्या. हे सगळं त्यांनीच उभं केलं. बाई मनाने चांगल्या आहेत, हे मी आधीच सांगून ठेवतो.

त्यांनी आधी लिहिलं होतं त्यात सगळे कामगार एकाच पंगतीत बसून जेवत होते. हे खोटं आहे, असं मीच म्हणालो. तुमच्याच तोंडून ऐकलेलं त्यांना सांगितलं. तुमच्या आजोबांना गिरणीत कताईला घेतलं, पण विणकाम खात्याचं दार त्यांना बंद होतं. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागायचा आणि आपलं उष्टं बाकीच्यांना चालत नव्हतं. मग हीच माणसं जेवायला एका ओळीत कशी बसली असतील? मीनाक्षीताईंनी लगेच मान्य केलं आणि उंबऱ्याबाहेर बसणारा एक कामगार लिहिला. तो कोण करणार असं विचारल्यावर सगळे मोबाइलमध्ये बघायला लागले. मी हात वर केला.

घरी येऊन तुम्हाला सांगितलं ते कौतुकाच्या अपेक्षेने. तुम्ही म्हणालात, “आमच्या आज्याला तिथं दुसऱ्यांनी बसवलं व्हतं. तू आपल्या पायानं जाऊन बसतूस?” मी म्हणालो, जे खरं घडलं ते दाखवायला नको का? तुम्ही म्हणालात, “दाखव की. आन् लोकास्नी आवडलं तर?” तो प्रश्नच मला कळला नाही. मला वाटलं, तुम्हाला जुन्याची लाज वाटते. तसं मी बोललोही. तुम्ही पिशवी भरलीत आणि आत्याकडे गेलात.

हॉलची फरशी ओली करायची परवानगी नव्हती, म्हणून तालमीत तांब्या रिकामाच असायचा. खरं पाणी पहिल्यांदा प्रयोगातच आलं. मीनाक्षीताईंनी तांब्या उंच धरला आणि वरून धार सोडली. मी वाकलो, ओंजळ तोंडाशी नेली, मान खाली घातली. धार कुठे पडणार हे मला ठाऊक होतं आणि हात किती लांब ठेवायचा हे त्यांना. हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. पाणी कोपरावरून सदऱ्यात गेलं. पाटावरच्या माणसांचे घास हातातच राहिले. लोकांपर्यंत पोचलं असं मला वाटलं आणि मला स्वतःचा अभिमान वाटला, हेही लिहून टाकतो.

प्रयोग संपल्यावर मीनाक्षीताई आत जाऊन एका खुर्चीत बसून राहिल्या. म्हणाल्या, “आजीला असंच वरून ओतताना बघितलं होतं रे लहानपणी, एवढंच.” मी त्यांना चहा आणून दिला.

पत्र इथेच संपवणार होतो. तसं संपवलं तर मी काहीतरी लपवतोय हे तुम्ही ओळखाल, म्हणून पुढचं लिहितो.

मी बाहेर आलो तेव्हा एक बाई थांबल्या होत्या. चांगल्या घरच्या, डोळ्यांत पाणी आलेल्या. म्हणाल्या, “दादा, तो पाण्याचा सीन काय जबरदस्त झाला! एक फोटो मिळेल? तसंच बसून?”

आणि मी बसलो, अप्पा. नाटक संपलं होतं. मी कपडे बदलले होते, हातात घड्याळ होतं, पायात ऑफिसचे बूट होते. त्यांच्या मैत्रिणीने माझ्या डोक्यावर रिकामा तांब्या धरला. “थोडं अजून खाली वाका ना,” त्या बाई म्हणाल्या. मी वाकलो. बहुतेक हसलोही. इतक्या प्रेमाने मागितलं की नाही म्हणायचं सुचलंच नाही.

तो फोटो कुठून कुठून फिरत आत्याच्या मोबाइलवर आला आणि तुम्ही पाहिलात, हे तिने काल फोनवर सांगितलं. “दादानं मोबाइल परत दिला आन् गॅलरीत जाऊन बसला.” मग तिने तुमच्या लहानपणीचं ते गावचं सांगितलं. तिच्यावर रागावू नका.

“शाळंतनं येताना मला तहान लागली व्हती. एका बाईनं वरनं पाणी वतलं. दादानं आदी मला पाजलं. त्याची पाळी आली तर बाई म्हणली, हात दुखला माझा. आन् आत गेली. दादा तसाच ओंजळ धरून उभा. वाटंत मला म्हणला, घरी सांगू नगंस.”

तुम्ही मलाही सांगितलं नाहीत. आजोबांची गिरणी सांगितलीत, वाडवडिलांचं सगळं सांगितलंत, स्वतःचं एवढं मात्र गाळलंत. मी शंभर वर्षांपूर्वीचं म्हणून जे तिकीट लावून दाखवत होतो, ते तुमच्या शाळेच्या वाटेवरचं निघालं. तुम्हाला जुन्याची लाज वाटते, असं मी म्हणालो होतो. त्या शब्दांचं आता काय करू, मला कळत नाही.

गिरगावात पुढच्या महिन्यात दुसरा प्रयोग ठरतोय. मीनाक्षीताईंना मी कळवलंय की अप्पांना विचारल्याशिवाय माझं उत्तर मिळणार नाही. त्या म्हणाल्या, थांबते. तुम्ही नको म्हणालात तर मी बसणार नाही. हो म्हणालात तर बसेन, पण प्रयोग संपला की उठेन, मग समोर कुणीही असो. आणि तुम्हाला काहीच बोलायचं नसेल तर तेही चालेल, मी पुन्हा विचारणार नाही. फक्त घरी या. रागवायचं तर इथे बसून रागवा.

आत्याला नमस्कार.

तुम्हाला न विचारता तुमच्या जागी जाऊन बसलेला,
तुमचा
राजरत्न