कासमचाचांचं दूध आणि माझा संघ

१२ ऑक्टोबर १९६४, सकाळी सात
आजपासून डायरी. रोज लिहायचं, खरं लिहायचं, कुणाला दाखवायचं नाही.

कासमचाचांनी दूध शेरामागे दोन आण्यांनी वाढवलं. आम्ही रतिबाची जुनी गिऱ्हाइकं, पण कुणाला विचारलं नाही. दिवाळी तोंडावर आली की यांना बरोबर सुचतं. म्हणे पुण्याच्या व्यापाऱ्याचा माणूस स्टेशनवर कॅन चढवतो, तो जास्त भाव देतो. परवडत नसेल तर राहू द्या म्हणाले. माझं डोकं तापलं. असल्याच अन्यायापायी मी इंटरला कॉलेज सोडलं. (कॉलेजनं मला काढलं, ही अब्बांनी दौंडभर उठवलेली अफवा आहे.)

अडचण एकच. चाचांच्या दारात दूध मापून घालते ती मेहरुन, त्यांची मुलगी. काल माप झाल्यावर माझ्या चरवीत तिनं वरून थोडं आणखी ओतलं. अम्मा म्हणते ती सगळ्यांनाच ओतते. पण माझ्या वेळी धार जरा जास्त वेळ चालली.

१४ ऑक्टोबर
संघ स्थापन झाला. पोपटरावांच्या चहाच्या हॉटेलात मीटिंग. अकरा घरं आली. प्रेसिडेंट मी, बिनविरोध. ठराव: भाव उतरेपर्यंत कासमचाचांचं दूध घ्यायचं नाही. सगळ्यांनी हात वर केले. शेजारच्या कस्तुराबाईंनी विचारलं, मग चहात काय घालायचं? मी म्हणालो, स्वाभिमान. पोपटरावांनी विचारलं, तो काय शेर मिळतो? लोक हसले. वातावरण उत्साहाचं होतं.

मेहरुनला माझ्या बाजूचा विचार पटेल. बापाविरुद्ध उभं राहायला तिला आधार हवा होता, तो मी दिला. आठ दिवसांत भाव खाली.

१५ ऑक्टोबर
काळा चहा. पहिला घोट जड जातो. दुसराही जातो. अब्बांनी कप ठेवला आणि सकाळीच लोकोशेडला निघून गेले. ड्यूटी दुपारी दोनची होती. अम्मा म्हणाली, तुझं भांडण कासमशी आहे का माझ्या चुलीशी?

क्रांतीत घरचे लोक नेहमीच मागे असतात.

१९ ऑक्टोबर
नुसता बहिष्कार पुरत नाही, पर्याय द्यावा लागतो. म्हणून पहाटे सायकल मागून आणली, पोपटरावांकडून कॅन घेतला आणि वरवंडला गेलो. तिथं दूध स्वस्त. योजना अचूक होती. परतताना पाटसजवळ टायर बसलं. पंक्चरवाला जेवायला गेलेला. ऊन वाढलं. दौंडला पोचेपर्यंत दूध नासलं. यात माझी चूक काय ते कुणी दाखवून द्यावं.

तरी मी ते वाटलं. पचायला हलकं असतं असं सांगितलं. कस्तुराबाईंनी भांडं जसंच्या तसं परत आणलं आणि ओसरीवर ठेवून गेल्या. ठेवल्याचा आवाज मोठा होता.

वरवंड योजना तूर्त स्थगित.

२२ ऑक्टोबर
पुण्याच्या व्यापाऱ्याचा तो कॅनवाला हल्ली रोज चाचांकडे येतो. शिरूरचा दस्तगीर. सायकलीला दोन्ही बाजूंनी कॅन, मनगटावर घड्याळ. केसाला एवढं तेल की माशी बसली तर घसरेल. म्हशी पिळून होईपर्यंत ओट्यावर बसून राहतो. मेहरुनला याचा किती त्रास होत असेल.

२६ ऑक्टोबर
आज आयुष्याला वळण लागलं.

चाचांची म्हैस व्याली. चीक कुणी विकत नाही, आळीत घरोघर वाटतात. मेहरुन स्वतः आली, फडक्यानं झाकलेलं भांडं घेऊन. सगळ्यात आधी आमच्याकडे. (अम्मा म्हणते, आपलं घर कोपऱ्यावर आहे म्हणून.) चीक बहिष्कारात येतो का, असा प्रश्न सभासदांनी उभा केला. प्रेसिडेंट म्हणून मी निर्णय दिला: विकतचं ते दूध, दिलेलं ते प्रेम. अकराही घरांत खरवस झाला. आमच्याकडे अब्बा बऱ्याच दिवसांनी माझ्याशी बोलले. आणखी आहे का, एवढंच म्हणाले.

चिकाचं भांडं रिकामं परत देत नाहीत. अम्मानं त्यात ज्वारी घातली. भांडं पोचवायचं काम मी मागून घेतलं. वाटेत ज्वारीच्या तळाशी चार पानी पत्र पुरलं. काल रात्री तीनदा लिहून काढलेलं. शेवटची ओळ: मंजूर असेल तर हसून दाखव.

एवढं डोकं मी परीक्षेत वापरलं असतं तर युनिव्हर्सिटीत पहिला आलो असतो.

२८ ऑक्टोबर, सकाळी आठ
मेहरुन हसली.

त्या वेळी ती दस्तगीरच्या कॅनमध्ये दूध ओतत होती आणि तो काहीतरी सांगत होता. पण तोंड माझ्या बाजूला होतं.

मंजूर.

२ नोव्हेंबर
लिहिताना निब वाकलं. रागानं.

पहाटे चाचांच्या मागच्या दाराकडून चाललो होतो. सहज. तिथं रांग होती. पोपटराव. कस्तुराबाई. संघाची नऊ घरं मोजली. नवव्या बाईनं चरवी पदराखाली घेतली, तेव्हा ओळखलं. अम्मा.

आणि भाव? आम्ही दूध बंद केल्यावर चाचांनी सगळं दस्तगीरला बांधून दिलं. आता आळीला शिल्लक उरतं तेवढंच, तेही आणखी दोन आणे चढवून. हे लोक ते हात जोडून घेतायत. मी पोपटरावांना ठरावाची आठवण करून दिली. ते म्हणाले, ठराव कागदावर हाय का पोटात?

सगळे फितूर. अकरातून आम्ही दोघंच उरलो. मी आणि मेहरुन.

६ नोव्हेंबर
संध्याकाळी कासमचाचा घरी आले. डोक्याला फेटा, हातात खडीसाखरेचा पुडा. मला वाटलं, भाव उतरवायला आले. किंवा पत्राबद्दल बोलायला. दोन्हींची तयारी ठेवून मी ताठ बसलो.

त्यांनी माझा हात हातात घेतला. म्हणाले, "अयुब, तुझ्या संघानं रतीब तोडला, तवा सगळं दूध दस्तगीरला घालावं लागलं. रोज येऊन बसाय लागला. तवा कळलं, पोरगं गुणी हाय. मेहरुनचं जमलं बघ त्येच्याशी. तू नसतास तर ही सोयरीक झालीच नसती. पहिलं बोलावणं तुला."

अम्मानं खडीसाखर वाटली. मलाही दिली. मी तोंडात ठेवून बसलो, चावली नाही.

७ नोव्हेंबर
नळावर मेहरुनला गाठलं. सरळ विचारलं, चिकाचं भांडं परत आलं तेव्हा ज्वारीच्या तळाशी काही मिळालं का?

ती घागर भरायची थांबली. "चिकाच्या भांड्यातली ज्वारी माणसं खात न्हाईत, अयुबभाई. जशीच्या तशी म्हशीपुढं ओतायची असती." मग तिनं काळजीनं विचारलं, काही राहिलं होतं का तुमचं?

नाही म्हणालो.

चार पानं. निळी शाई. म्हशीनं चाटून साफ केली. कॉलेजात गेलो आणि एवढी साधी रीत विसरलो. म्हशीला काही झालं का, असं विचारलं. म्हणाली, नाही, उलट त्या दिवसापासून दूध वाढलंय.

अयुबभाई म्हणाली. हे आधी लिहायला हवं होतं.

१५ नोव्हेंबर, दुपार
निकाह झाला. न जाण्याचा निश्चय केला होता, पण प्रेसिडेंट गैरहजर म्हटल्यावर लोक बोलतात. संघाची अकराही घरं पोराबाळांसकट हजर. इतकी मोठी हजेरी मीटिंगला कधी नव्हती. दस्तगीरनं मला मिठी मारली. घड्याळ पाठीला टोचलं.

जेवणानंतर शेवयांची खीर. दूध घट्ट, पाण्याचा थेंब नाही. बहिष्कार अजून कुणी मागे घेतलेला नाही, ठराव चालू आहे. तरी पहिली वाटी अन्नाचा अपमान नको म्हणून घेतली. दुसरी चाचांनी आग्रह केला म्हणून. तिसरी निषेध म्हणून नाकारायची असं पक्कं ठरवलं आणि वाटीवर हात धरून बसलो.

वाढणारा माझ्याकडे न बघता पुढे गेला.